चाकाला दुसरा हात

मला मानवत गावात खोली मिळाली ती माझ्या हातांमुळे. नेमणुकीचा कागद दाखवून नाही, गोड बोलून तर नाहीच. आजही कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं.

जवळच्याच एका खेड्यातल्या शाळेवर मी नव्याने शिक्षिका म्हणून लागले होते. घर चुडाव्याला, रोजचं येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं. तीन घरं पाहून झाली होती. तिन्ही ठिकाणी आधी चहा झाला, खोली दाखवली, नळाला पाणी किती दिवसांनी येतं तेही सांगून झालं आणि मग तो प्रश्न आला, "पूर्ण नाव काय म्हणालात?" मी आडनाव सांगितलं. मग एका घरी पुतण्या शिकायला यायचा निघाला, दुसऱ्या घरी खोलीला रंग द्यायचा निघाला, तिसऱ्या घरी काही निघालंच नाही, नुसतं दार लागलं. आम्ही बौद्ध, आजोबांपासून. चहाचा कप उचलतानाच पुढचं सगळं कळायला लागलं होतं मला.

चौथं घर जुन्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत होतं. अंगणात पत्र्याचं शेड, शेडमध्ये काळीभोर जुनी फटफटी, तिच्या पोटाखाली लाकडी ठोकळा आणि पुढचं चाक अधांतरी. त्या चाकापाशी गोणपाटावर एक साठीपुढचे गृहस्थ उकिडवे बसले होते. बनियन, खाकी पँट आणि नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा.

"खोली बघायला आले होते," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. "हात दाखवा."

घ्या! हे भविष्य सांगणारे निघाले, असं मनात म्हणत मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट करून नुसते पाहिले. "नखं बारीक हायत. बरं हाय. आता हे चाक वर एका हाताने, खाली एका हाताने धरा. पुढं-मागं हलवा. काय कळतंय?"

"काही नाही."

"डोळे मिटा, मग सांगा."

मी डोळे मिटले. पर्स खांद्यावरून घसरली ती घसरू दिली. पुन्हा हलवलं. "थोडं टक् होतंय."

"कुठं? वर, का मधी?"

"मध्ये. त्या दांड्याजवळ."

तेव्हा कुठे त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "सामान कधी आणायलात?"

आडनाव त्यांनी विचारलं नाही. पुढे माझ्या नावाचं टपाल आलं तेव्हा त्यांनी ते पाकिटावर वाचलंच असणार. "बाई, हे तुमचं, धरा," म्हणाले आणि पुन्हा चाकाकडे वळले. मी त्या दिवशी खोलीत जाऊन रडले, तेही सांगून टाकते.

मी त्यांना मामा म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला तशीच हाक मारतात, पण मामा 'बाई' असं म्हणायचे की त्यात निम्मी चेष्टा आणि निम्मा लाड असायचा. उभी हयात त्यांनी जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढली होती. कापसाच्या त्या यंत्रांच्या गदारोळात कोणतं बेरिंग रडतंय हे ते दारातून ओळखायचे म्हणे. त्यामुळे कानाला कायमची खोड लागली. गल्लीतून कुणाची गाडी गेली की हे जेवता जेवता ओरडायचे, "अरे, मागचं बघ! मागचं रडायलंय!" भाजीच्या गाड्यावाल्याला थांबवून आधी गाड्याच्या चाकात ग्रीस भरायचे आणि मग वांगी घ्यायचे. माझ्या खोलीतला पंखा लावून दोन मिनिटं आढ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "दोन उन्हाळे जातील. तिसरा न्हाई." तिसऱ्या उन्हाळ्यात, अहो, खरंच बंद पडला तो.

एकदा तर गल्लीतली वरात अडवली यांनी. नवरदेव सजवलेल्या जीपमध्ये, पुढे बँडवाले, पोरं नाचतायत आणि हे जीपच्या चाकाला कान लावून जमिनीवर आडवे. नवरदेवाचा मामा चिडला, "ओ, मुहूर्त जायलाय!" हे खालून म्हणाले, "मुहूर्त जाऊ दे, चाक जायलंय." शेवटी नवरदेवाला दुसऱ्याच्या गाडीवर बसवून मांडवात नेलं. जीपवाल्याने चाक उघडलं तर बेरिंगचे तुकडे हातात आले. त्या नवरदेवाच्या घरून मामांना दर दिवाळीला फराळाचा डबा येत राहिला. डबा येईपर्यंत मामा वाट बघायचे आणि आला की, "कशाला आणता रे," म्हणायचे.

पण जीव होता तो त्या फटफटीत. विलायती बनावटीची, जिनिंगच्या मालकाने भंगारात काढलेली. मामांनी ती पोत्यात भरून तुकड्या-तुकड्याने घरी आणली होती. आताच्या गाड्यांचं बेरिंग खराब झालं की काढून फेकतात आणि नवीन ठोकतात. ह्या गाडीचं तसं नव्हतं. तिच्या चाकाच्या पोटात लाटण्यासारख्या बारक्या रुळांच्या दोन कड्या होत्या आणि त्या किती घट्ट बसवायच्या ते एका खाचांच्या नटावर ठरायचं. सैल राहिला तर चाक डुलतं. जास्त आवळला तर रूळ तापतात आणि चाक जागच्या जागी धरतं. मधली जागा नखाएवढी. ती सापडली की नटाच्या खाचेतून एक पिन घालायची आणि तिची दोन टोकं वाकवायची, म्हणजे नट फिरत नाही.

"आवळायला काय, बैलाला बी जमंल," मामा म्हणायचे. "आवळून झाल्यावर किती सोडायचं, तिथं माणूस लागतो."

हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की वर्गात दंगा झाला की माझ्याही तोंडात यायचं.

चाक तपासायचा दिवस शनिवार. शनिवारी माझी शाळा सकाळची, बारापर्यंत मी परत यायची. तोवर मामांनी चाक ठोकळ्यावर घेतलेलं असायचं. आधी ते स्वतः हलवून बघायचे, नट आवळायचे, थोडा सोडायचे आणि चाकाला हलकी टिचकी द्यायचे. चाक फिरून फिरून मंदावायचं. हवा भरायच्या व्हॉल्वचं वजन ते केवढंसं, पण चाक मोकळं असलं की तेवढ्या वजनानेही ते झोका घ्यायचं, मागे यायचं, पुन्हा थोडं पुढे जायचं आणि व्हॉल्व अगदी तळाशी येऊन थांबायचा. थांबला की मामा हाक मारायचे, "बाई, दुसरा हात!"

दुसरा हात म्हणजे मी. मी हात धुऊन यायची, चाक वर-खाली धरायची, डोळे मिटायची. टक् होतंय का. जड जातंय का. मग सांगायचं, "बरोबर आहे, मामा." त्यानंतरच पिन लागायची. पिन लागली की रविवारी सकाळी मामा धुतलेला सदरा घालून पाथरीला निघायचे. पाथरी मामींचं माहेर. मामी जाऊन दोन वर्षं झाली होती, पण मामींची धाकटी बहीण अजून मामांसाठी रविवारी धपाटे करायची. फटफटीचा तो धडधड आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा आणि मी दात घासता घासता उगाच ऐकत उभी राहायची.

दुसरा हात कशासाठी, हे एका शनिवारी मीच विचारलं. मामांच्या हातासारखा हात मानवतात नव्हता, मग त्यावर माझ्यासारख्या कालच्या मुलीची तपासणी कशाला?

मामांनी चिंधीला हात पुसले. "लग्नाला वरीस बी झालं नव्हतं. हिला पाथरीला न्यायचं होतं. पयल्यांदा फटफटीवर बसणार म्हणून मी चाक जरा जास्तच आवळलं. घट्ट म्हणजे चांगलं, असा दिमाग तवा. निम्म्या वाटेत चाकाने धरलं. मी इकडं, ही तिकडं. हिचा पाय मोडला. नीट बसलाच न्हाई तो, जन्मभर लंगडली."

"मग मामी परत बसल्या गाडीवर?"

"मला बी वाटलं, आता ही गाडी विहिरीत टाकायला लावणार. पाय पलस्तरात, आन् काय म्हणावं हिनं? म्हणाली, इथून पुढं चाक मी बघणार, मग बसणार. तुमच्या एकट्याच्या हातावर माझा भरवसा न्हाई." मामा हसले. "हाडाची हुशार, बाई. मी मुद्दाम सैल सोडायचो, मुद्दाम जास्त आवळायचो, फसती का बघायला. एकदाबी फसली न्हाई. हात लावला की म्हणायची, चेष्टा बास, नीट करा."

तेव्हापासून घरचा नियमच झाला. दोन हात लागल्याशिवाय पिन नाही, पिनेशिवाय गाडी रस्त्यावर नाही. मामी गेल्यावर दोन वर्षं फटफटी तशीच उभी होती आणि मामा एसटीने पाथरीला जात होते. मुलगा पुण्याला, सुनेला त्यात काही गम्य नाही. भाडेकरू बघायला येत होते आणि मामा त्यांचे हात बघत होते. तीन जण माझ्याआधी नापास झाले होते म्हणे. माझ्यासारख्या तीन दारांतून परत आलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, ते मला नाही सांगता येत. मी फक्त एवढंच म्हणाले, "मामा, नखं वाढवणार नाही कधी."

आणि मग मी माती खाल्ली.

तो शनिवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. चुडाव्याला मला बघायला पाहुणे यायचे होते. शाळेत नेमकी बैठक निघाली आणि मी घरी पोचले तेव्हा स्टेशनला जाणारी रिक्षा दारात उभी. मी बॅग उचलून पळतच निघाले होते. शेडमधून हाक आली, "बाई, दुसरा हात!"

मी एका खांद्यावर बॅग घेऊन तशीच वाकले. चाकाला हात लावला. लावला म्हणजे टेकवला. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "बरोबर आहे, मामा," म्हणाले आणि सुटले.

त्या पाहुण्यांनी नंतर काही कळवलंच नाही, ते जाऊ द्या.

सोमवारी शाळेतून परत आले तर फटफटी अजून ठोकळ्यावर. पिन वाटीत. मामा गोणपाटावर.

"मामा, पाथरीला नाही गेलात?"

"न्हाई. जरा चाक हलवून बघता का, मॅडम?"

मॅडम. मी दप्तर खाली ठेवून चाक धरलं. डोळे मिटायचीही गरज नव्हती. सूतभर तरी हलत होतं, टक्-टक् आवाज कानाला ऐकू येत होता.

"परवा बी असंच होतं," मामा म्हणाले. "मीच सोडलं होतं."

"मामा, माझी रेल्वे चुकत होती हो..."

"मग टाइम न्हाई म्हणायचं. मी जा म्हणलो असतो. हसून म्हणलो असतो." त्यांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "तुमी बरोबर हाय म्हणलात. हात लावून म्हणलात."

माझा राग कुणावर होता तेच मला कळेना. घरच्यांची परीक्षा असते का अशी, असंही मनात येऊन गेलं. पण आत कुठेतरी पक्कं ठाऊक होतं. ज्या माणसाने मला पूर्ण नाव न विचारता खोली दिली, नुसत्या हातावर भरवसा ठेवला, त्याला मी त्याच हाताने फसवलं होतं.

त्यानंतर आठ महिने मी त्या घरात होते. मामा वाईट वागले म्हणाल तर अजिबात नाही. पाणी आलं की माझी बादली आधी भरायचे. ताप आला तेव्हा दवाखान्यात नेलं. पण हाक नाही. शनिवारी चाक ठोकळ्यावर चढायचं, टिचकी बसायची, झोके घेत थांबायचं आणि चाक परत खाली उतरायचं. पिन वाटीतच. रविवारी मामा धुतलेला सदरा घालून, पिशवी घेऊन एसटी स्टँडकडे चालत जायचे. मी खिडकीतून बघायची. मी बारा वाजायच्या आधी घरी येऊन नळावर हात धुवायची, उगाच बादली आपटायची, घसा खाकरायची. ऐकू जायचं त्यांना, न जायला काय झालं! ज्याला गल्लीतलं बेरिंग ऐकू जायचं त्याला माझी बादली ऐकू जात नव्हती होय?

माफ करा म्हणायला काय लागतं? पण मी नाही म्हणू शकले. वर्गात चाळीस पोरांना चूक झाली की हात जोडायला लावायची मी, माझेच हात जोडले गेले नाहीत.

मग माझी बदली जिंतूरकडे झाली. सामान टेम्पोत भरताना मामांनी माझी ट्रंक स्वतः उचलली, टेम्पोच्या चारही चाकांना लाथ मारून, कान लावून पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "डाव्या अंगाचं बघून घे रे. बाईमाणूस हाय सोबत." मला म्हणाले, "संभाळून जा, मॅडम." टेम्पो वळेपर्यंत मी मागे बघत होते. त्यांनी हात वर केला नाही.

पुढे लग्न झालं, लेकरं झाली. दर दिवाळीला मी फोन करायची. "बरं हाय का मॅडम?" "बरं आहे मामा." "लेकरं?" "मजेत." संपलं. एवढ्या वर्षांत दर वेळी वाटायचं, आज म्हणतील, आज बाई म्हणतील. फोन ठेवल्यावर नवरा विचारायचा, "काय म्हणाले?" आणि मी म्हणायची, "काय म्हणणार?" रस्त्यात स्टँडवर लावलेली कुणाचीही मोटारसायकल दिसली की माझे हात आपोआप चाकाकडे जातात. "लोक चोर समजून धरतील एक दिवस," नवरा म्हणतो. खरंच सांगते, आईची आठवण येते तशी मला त्या शेडची आठवण येते. रॉकेलचा वास आणि ती हाक.

यंदा पोळा झाल्यावर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मामांचा मुलगा. मामा जाऊन महिना होऊन गेला होता. मला कुणी कळवलंच नव्हतं. "घर विकतोय," तो म्हणाला. "गाडीला हैदराबादचं गिऱ्हाईक मिळालंय, रविवारी न्यायला येतील. पण एक भानगड आहे. तुम्ही येऊ शकाल का?"

रविवारी मी एकटीच गेले. तीच गल्ली, दारात टेम्पो उभा. शेडमध्ये फटफटी ठोकळ्यावर, पुढचं चाक अधांतरी. हँडलला दोऱ्याने एक काड्यापेटी बांधलेली. मुलाने ती उघडून दाखवली. आत पिन होती आणि वहीचा फाडलेला चतकोर कागद. मामांचं अक्षर जरा थरथरलेलं, पण त्यांचंच: 'बाईंचा हात झाल्याशिवाय पिन घालू नये.'

"मीच घालून टाकली असती," मुलगा म्हणाला, "पण त्यांचं अक्षर बघून धीर झाला नाही. शेजारच्यांना विचारलं, बाई कोण. ते म्हणाले, त्या शाळेच्या मॅडम असतील. शेवटच्या महिन्यात बाबा उठत-बसत इथेच असायचे म्हणे."

मी नळावर जाऊन हात धुतले. मनगटापर्यंत धुतले. चाकापाशी बसले, एक हात वर, एक हात खाली, आणि डोळे मिटले. मग हलवलं.

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. "ठीक आहे ना?" मुलाने विचारलं. "त्यांना लांब जायचंय."

मी पुन्हा हलवलं. टक्. अगदी बारीक, पण होतं. मध्ये, दांड्याजवळ.

"नाही," मी म्हणाले. "सैल आहे. पाना द्या."

"अहो, आता ती रस्त्यावर कुठे जाणार आहे? टेम्पोतच तर..."

"पाना द्या," मी म्हणाले. वर्गातला आवाज निघाला बहुतेक माझा, कारण त्याने मुकाट्याने आणून दिला.

नट आवळला. चाक जड झालं. मग सोडला, किंचित, पुन्हा अजून किंचित. टिचकी दिली. चाक फिरलं, मंदावलं, झोका घेऊन मागे आलं आणि व्हॉल्व तळाशी येऊन थांबला. मी पिन घातली, पक्कडीने तिची दोन्ही टोकं वाकवली. टेम्पोवाला तोवर दोनदा डोकावून गेला होता.

मामांच्या हातातली ताकद गेली म्हणून ते सैल राहिलं होतं, की त्यांनी मुद्दाम सोडून ठेवलं होतं? आता कुणाला विचारू? मुलगा विचारत होता, "बाबांनी नीट लावलं नव्हतं का?" मी पाना-पक्कड त्याच्या हातात परत दिली.

गाडी टेम्पोत चढवली, दोर बांधले, टेम्पो गल्लीच्या टोकाला वळला. काड्यापेटी मी मागून घेतली. परतीच्या बसमध्ये ती चिठ्ठी बाहेर काढली आणि जिंतूर येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचत राहिले. ग्रीसचं बोट लागून कागद डागाळला. मॅडम नव्हतं लिहिलं. बाई लिहिलं होतं.